तुर्भ्याची खाण आणि डोक्यावरचे पत्रे

ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की ऐरोलीपासून डावीकडे पारसिकचा डोंगर सोबतीला येतो, कुठे हिरवा तर कुठे खरवडलेला. गेल्या रविवारी तुर्भ्याला उतरलो आणि इंदिरानगरच्या चढाला लागलो. नवी मुंबई उभी राहिली ती खडी या डोंगरानेही पुरवली. सुरुंग, घण, क्रशर यांत वडार समाजाच्या पिढ्या गेल्या.

बंद खाणीत हिरवं पाणी साचलं होतं. काठावरच्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुया दिसल्या, केसांइतक्या बारीक. क्षणभर ॲस्बेस्टॉसच वाटला, खाणीतून निघणारं ते तंतुमय खनिज! पण ते झिओलाइट नावाचं दुसरंच खनिज. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या जागी पाणी झिरपून असे स्फटिक वाढले. पांढरा ॲस्बेस्टॉस बहुतेक ठिकाणी सर्पेंटाइन खडकाच्या भेगांत सापडतो. आपल्या बेसाल्टचं, या लाव्ह्याच्या काळ्या दगडाचं, ते काम नव्हे.

खाली वस्तीत मात्र घरोघरी सिमेंटचे जुने पत्रे, डांबराची ठिगळं लावलेले. एका घरापुढे एक पोरगा करवतीने पत्रा कापत होता. न्हाणीला आडोसा करायचा होता. त्याच्या पापण्यांवर पांढरी भुकटी बसलेली. मला राहवलं नाही.

"थांब रे बाळा, कोरडा कापू नकोस."

त्याची आई बाहेर आली. "काय झालं, दादा? सिमेंटच तर आहे."

सिमेंटच असतं, पण या जुन्या पत्र्यांना ताकद देतात ते ॲस्बेस्टॉसचे तंतू. ते फुप्फुसात रुतले की वीस-तीस वर्षांनीही आजार उभा करतात. मी मावशींना रोरोची गोष्ट सांगितली. झारखंडात चाईबासाजवळ रोरोचा डोंगर आहे, पायथ्याला हो आदिवासींची गावं. १९६० च्या दशकात तिथे ॲस्बेस्टॉसची खाण सुरू झाली, १९८३ मध्ये बंद पडली. मालक गेले, पण लाखो टन कचरा उतारावर तसाच राहिला. दर पावसात तो ओघळून भातखाचरांत येतो. पोरं त्याच ढिगांवर घसरगुंडी खेळतात.

दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. तिथल्या ३३ रुग्णांची नोंद १९६० मध्ये प्रसिद्ध झाली, सगळ्यांना छातीच्या आवरणाचा कर्करोग. त्यातले कितीतरी खाणीत कधी कामालाच गेले नव्हते, नुसते आसपास राहिले होते. हे वाचल्यापासून मला रोरोची घसरगुंडी डोळ्यांपुढून हलत नाही.

आपल्याकडे १९८६ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे, म्हणजे खोदकामाचे परवाने, देणं थांबलं, १९९३ मध्ये जुन्यांचं नूतनीकरणही. पत्र्यांचे कारखाने मात्र चालूच राहिले, रशिया-ब्राझीलहून तंतू येत राहिला. खाणीत नको, पण गरिबाच्या छपरावर चालेल, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

"मग छप्पर उतरवू का?" मावशींनी विचारलं.

"नको. अखंड आहे तोवर छेडू नका. भोक पाडू नका, वर चढून घासू नका. हे तुकडे तेवढे भिजवून पोत्यात बांधा."

पोराने करवत ठेवली आणि कळशी आणली. पाणी पडताच करडा पत्रा काळा झाला. न्हाणीच्या आडोशाला मावशींनी आतून जुनी ताडपत्री काढून दिली.