पुढचे भाग आणि व्हिक्टरची लेक

बुधवार, रात्री उशिरा

पुतण्या दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीहून आला तो लॅपटॉपमध्ये 'अंडरवर्ल्ड' या इंग्रजी सिनेमाचे पाचही भाग हिंदीत घेऊनच आला. हे हरभऱ्याच्या जागलीवर जातात, सासूबाईंना लवकर झोप येत नाही, आणि दिवसभर कापूस वेचून माझी पाठ अशी धरते की आडवं झालं तरी डोळा लागत नाही. मग जेवणं आटोपली की एक भाग लावायचा, असं चाललं होतं. आज शेवटचा संपला.

संपल्या संपल्या पुतण्या म्हणाला, "काकू, पयला सोडला तं बाकीचे निरे पैशासाठी काढले." मला हे अजिबात पटलेलं नाही. चौथ्या-पाचव्याबद्दल तो म्हणतो ते बरंचसं खरं आहे. पण तिसऱ्या भागाला त्याने त्याच ओळीत बसवलं, ते मला सहन झालं नाही.

पहिला भाग 2003 चा, दिग्दर्शक लेन वाइजमन. बुडापेस्टमध्ये चित्रीकरण झालं, म्हणून त्या जुन्या दगडी इमारती, पाऊस, निळसर काळोख, सगळं खरं वाटतं. एका बाजूला रक्त पिणारे, ऊन लागलं की जळणारे व्हॅम्पायर, दुसऱ्या बाजूला लांडग्याचं रूप घेणारे लायकन, आणि शेकडो वर्षांचं वैर. केट बेकिन्सेलची सेलीन लायकनांना वेचून मारते, कारण आपलं कुटुंब त्यांनीच संपवलं असं तिला सांगितलेलं. सांगणारा व्हिक्टर, व्हॅम्पायरांचा म्होरक्या, जो तिला लेकीसारखं वागवतो. शेवटी कळतं की तिच्या घरच्यांना मारणारा तोच होता, आणि तिला जिवंत ठेवली ती त्याला तिच्यात स्वतःच्या मेलेल्या पोरीचा चेहरा दिसला म्हणून. त्या पोरीची गोष्ट या भागात काही मिनिटांतच येऊन जाते. सोनिया तिचं नाव. लायकन लुशियनवर तिने जीव लावला, त्याचं मूल पोटात होतं, आणि बापाने तिला उन्हात जाळलं. गोळ्या-तलवारींच्या गदारोळात ही आठवण सिनेमाभर ठसठसत राहते.

दुसरा भाग 2006 चा. त्याच रात्रीपासून पुढे सुरू होतो, आणि ते मला आवडलं. मारामारी जास्त आहे, मध्ये कंटाळाही येतो. पण सेलीनचं घर नेमकं का संपवलं याचं उत्तर तो देतो. पहिल्या लांडग्याला कोंडायची कोठडी तिच्या बापाने बांधली होती, ती कुठे आहे हे माहीत असलेलं माणूस व्हिक्टरला मागे ठेवायचं नव्हतं. शिवाय त्यात डेरेक जेकबीचा म्हातारा कॉर्व्हिनस आहे, दोन्ही वंशांचा मूळपुरुष. दोन्ही मुलं राक्षस निघाली, तरी त्याचा हात त्यांच्यावर उठत नाही. शतकानुशतकं तो त्यांच्या लढायांच्या खुणा पुसत बसतो. त्याच्या या मायेपायी किती जीव गेले असतील, हा हिशेब सिनेमा करत नाही, पण मी करत होते. शेवटी त्याच्या रक्तामुळे सेलीन उन्हात उभी राहू शकते. ज्या उन्हाने सोनिया गेली, तेच ऊन हिच्या हातावर पडतं आणि हिला काही होत नाही. तेव्हाच वाटलं, ज्यांनी हे लिहिलं त्यांना आपली गोष्ट नीट आठवते आहे.

आणि मग तिसरा, 2009 चा. हा पुढचा भाग नाहीच, मागे जातो. पहिल्या दोन सिनेमांतले प्राणी ज्याने घडवले त्या पॅट्रिक टॅटोपोलसने दिग्दर्शन केलं, चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये. केट बेकिन्सेल जवळजवळ नाहीच. मुख्य नायिका नसलेला तिसरा भाग म्हटल्यावर कुणीही उताराचीच अपेक्षा करेल.

मी मात्र पहिल्या पंधरा मिनिटांतच सावरून बसले. लायकन इथे गुलाम आहेत. किल्ला तेच राखतात, ओझी तेच वाहतात, आणि त्यांच्या गळ्यात लोखंडी पट्टे आहेत. पट्ट्याला आतून चांदीचे काटे, म्हणजे लांडग्याचं रूप घ्यायला गेलं की काटे मानेत घुसणार. व्हॅम्पायरांना दिवसा बाहेर पडता येत नाही, म्हणून दिवसाच्या राखणीला हे गुलाम. लुशियन त्यांच्यातलाच, लोहाराचं काम करतो. व्हिक्टरने त्याला लहानाचं मोठं केलं, आणि त्याच्याच रक्तातून बाकीचे गुलाम तयार केले. सांभाळलं, पण माणसात कधी धरलं नाही. ही रीत ओळखायला व्हॅम्पायर असावं लागत नाही.

सोनियाचं काम ऱ्होना मित्राने केलंय. ती वडिलांकडून बंगाली आहे हे पुतण्याने मोबाइलवर शोधून सांगितलं. फार रडत नाही ती. घोड्यावर बसून कोटाबाहेर एकटी जाते, बापाला तोंडावर उत्तर देते. बापाला तिला आपल्या सभेत बसवायचंय, तिच्याबद्दल त्याला अभिमान आहे. बिल नायीने व्हिक्टर असा उभा केलाय की तो दुष्ट वाटण्याआधी बाप वाटतो, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. सभा भरते, न्याय होतो, न्याय करणाऱ्यांत बापही बसलेला. लुशियनला समोर साखळदंडाने बांधून ठेवलंय, कारण त्याने बघायला पाहिजे. वरून छत उघडतं आणि ऊन खाली येतं.

सासूबाई इतका वेळ वाती वळत होत्या. हात थांबला त्यांचा. "सोताच्या पोटच्या पोरीले कोनी असं जायते काय वं?" पुतण्या म्हणाला, "आजी, थे पिच्चर हाय." सासूबाई म्हणाल्या, "पिच्चर हाय हे मले मालूम हाय. मी बापाचं इचारून रायली."

माझ्या माहेरच्या गावी एका मुलीने जातीबाहेर लग्न केलं, तर तिच्या वडिलांनी ती जिवंत असताना तिची तेरवी केली. गावाला जेवण दिलं. मी तेव्हा शाळेत होते, आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. त्याहून भयंकर बातम्या वर्तमानपत्रात येतात, आणि दर वेळी त्यात हेच वाक्य असतं, की पोरीवर त्यांचा फार जीव होता. पहिल्या भागात व्हिक्टरही नेमकं हेच सांगतो, की लेकीवर त्याचं प्रेम होतं, पण तिच्या पोटातलं मूल त्याला वंशाचा घात वाटत होतं. परदेशात बसून लिहिलेल्या रक्तपिपासूंच्या गोष्टीत आपल्या ओसरीवरचा माणूस इतका चोख कसा आला असेल?

पुतण्याचं म्हणणं, शेवट आधीच माहीत असल्यावर उत्सुकता काय राहिली? मी त्याला म्हटलं, सप्त्यात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की शेवट कुणाला माहीत नसतो? तरी मांडव भरतो आणि बायका पदर डोळ्याला लावतात. काय होणार हे ठाऊक असलं की ते कसं होतं याकडे लक्ष जातं. माझ्या लेखी हा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे, आणि काही ठिकाणी पुढे आहे. त्याने नवा शत्रू आणला नाही. पहिल्या भागात पाच मिनिटांत उरकलेली जखम उघडली आणि पूर्ण वेळ तिच्यापाशी थांबला.

पुतण्याने मग 'ब्लेड' काढलं, म्हणजे व्हॅम्पायरांना मारत फिरणाऱ्या ब्लेडची दुसरी सिनेमा-मालिका. 2002 चा दुसरा भाग, गिएर्मो देल तोरोचा, पहिल्यापेक्षा सरस आहे असं त्याचं मत. तो मी पाहिलाय, आणि इथे आमचं जमलं. त्यातले नवे राक्षस खुद्द व्हॅम्पायरांनाच खातात, त्यामुळे ब्लेडला जन्माच्या वैऱ्यांबरोबर उभं राहावं लागतं. 2004 च्या तिसऱ्यात मात्र ब्लेडचं काम करणारा वेस्ली स्नाइप्स आपल्याच सिनेमात पाहुणा होतो. मेंदू मेलेली माणसं पिशव्यांत भरून रक्तासाठी साठवलेली आहेत, हे त्यातलं सगळ्यात भेदक दृश्य, आणि सिनेमा तिथून पळतच पुढे जातो. तिथे थांबायला हवं होतं.

तीच चूक 'अंडरवर्ल्ड'च्या 2012 च्या चौथ्या भागात आहे, म्हणून माझा राग आहे. सेलीन 12 वर्षांनी प्रयोगशाळेत जागी होते आणि तिला कळतं की तिला मुलगी आहे, ईव्ह. व्हॅम्पायर आणि लायकन, दोन्ही रक्तांची. म्हणजे सोनियाच्या पोटात जे मूल जाळलं गेलं, तसंच मूल इथे जिवंत जन्मलं आहे! याहून मोठी गोष्ट त्यांच्या हाती येणं शक्य नव्हतं. मायलेकींना एकमेकींच्या डोळ्यांनी दिसतं, हेही त्यांनीच सुचवलं. आणि केलं काय, तर त्या डोळ्यांचा उपयोग एकमेकींचा माग काढायला केला. बाकी वेळ पळापळ आणि गोळीबार. 2016 चा पाचवा ॲना फोर्स्टरचा, या मालिकेत प्रथमच बाई दिग्दर्शक, म्हणून मी आशेने बसले होते. त्यात ईव्ह लपलेलीच आहे. सगळे तिचं रक्त शोधतायत आणि ती पडद्यावर जवळजवळ नाहीच. बर्फातला उत्तरेकडचा वाडा देखणा आहे, सेलीनच्या केसांत पांढरं येतं तेही छान दिसतं, पण मला त्या मुलीला बघायचं होतं.

सहावा भाग कधी निघाला तर मला लढाई नको. ईव्ह मोठी झालेली पाहिजे, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी तिला समोर बसवून तू कुणाची म्हणून विचारलं पाहिजे. आता ती काय उत्तर देईल, यावर सासूबाईंचं आणि पुतण्याचं आतल्या खोलीत अजून चाललंय. सासूबाईंचं म्हणणं, तिने उत्तर द्यायचंच कशाला, आधी म्हाताऱ्यांनी सोनियाचा जबाब द्यावा. मी सासूबाईंच्या बाजूने आहे.