‘सर, एक काहीतरी सोडा ना!’

लग्नात भेटलेला जुना विद्यार्थी हे म्हणतो, शाळेत नवीन आलेले शिक्षक म्हणतात, हल्ली घरचेही म्हणतात. दिवसा गणित, संध्याकाळी खो-खो, उरलेल्या वेळात शेत. विचारणाऱ्याला काळजी असते, मान्य. पण ‘म्हणजे तिन्हीकडे अर्धवटच’ असंही त्यात असतं, आणि ते मला बरोबर ऐकू येतं.

माझं ठरलेलं उत्तर आहे. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर, म्हणजे 432 चौरस मीटर. गुंठा 33 फूट गुणिले 33 फूट, साधारण 101 चौरस मीटर. मग मैदान किती गुंठे? सव्वाचारच्या आसपास. नववीला हे गणित मी दरवर्षी फळ्यावर घेतो. एकाच गणितात तिन्ही धंदे! लोक हसतात, विषय बदलतो. (काळ-कामाची गणितं शिकवताना मात्र मलाच हसू येतं. सहा मजूर आठ दिवसांत, तर बारा मजूर किती दिवसांत? आधी बारा मजूर आणून दाखवा.)

ही पळवाट आहे, कळतं मला.

दहावीत एक मुलगी होती, राज्य स्पर्धेपर्यंत खेळलेली. पाठलाग करणारीला मधेच दिशा बदलता येत नाही, बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही. पळणारीला सगळी मोकळीक. हा फरक तिच्या पायांना कळायचा. दोन-अडीच मिनिटं सहज संरक्षण करायची. गणितात कच्ची. तिच्या क्रीडा गुणांचा, म्हणजे खेळाडूला दहावीत मिळणाऱ्या जादा गुणांचा, प्रस्ताव शाळेमार्फत पाठवायचा होता. प्रमाणपत्राची प्रत, अर्ज, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. तेव्हा सगळं कागदावर, आणि ते काम माझं. शेवटची तारीख शुक्रवार.

शुक्रवारी सकाळपासून आभाळ भरलेलं. हरभरा सोंगून ढीग रानात पडलेले. म्हटलं, तासाभरात ताडपत्री टाकू आणि निघू. वाऱ्याने ताडपत्री दोनदा उडवली. एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला मी, मधे दगड शोधायची पळापळ. मग गारा. पाठीवर बसत होत्या, पण हात सोडले तर ताडपत्री जाणार. पाऊस उघडला तेव्हा चार वाजले होते. मोटारसायकलच्या डिक्कीतली फाईल कोरडी होती, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. साडेपाचपर्यंत पोचलो. कचेरीला कुलूप. सोमवारी गेलो, तारीख गेलेली. हरभराही निम्मा काळा पडलाच.

गणितात तिला सहा गुण कमी पडले. निकालाच्या दिवशी ती मैदानावर आली. ‘सर, खेळाचे गुण धरले नाहीत का?’

मी म्हणालो, ‘बघतो.’

‘बघतो’! बघायला काय उरलं होतं? पुढे महिनाभर रोज सकाळी तिला शिकवलं, पैसे न घेता. ऑक्टोबरच्या परीक्षेत ती सुटली. तिचे वडील आभार मानायला घरी आले. मी ते आभार घेतले, चहा पाजला.

त्या वर्षीच्या डायरीत मी लिहिलंय, ‘शेत बटाईने द्यायचं.’ दिलंही, दोन वर्षं. तो डायरीवाला मास्तर मला फार भाबडा वाटतो. शेत नव्हतं त्या दोन वर्षांत सहामाहीचे पेपर मी उशिराच तपासून दिले, आणि मैदानावर विनाकारण मुलांवर ओरडलो. शेताचा दोष नव्हता. की होता? त्या शुक्रवारी शेत नसतं, तर फाईल दुपारीच पोचली असती, हेही तितकंच खरं. शिवाय खो-खो नसता तर प्रस्तावच नसता, असंही मी स्वतःशी म्हणून पाहिलंय. वकिली मला चांगली जमते.

तिची मुलगी यंदा पाचवीत आली. संध्याकाळी मैदानावर येते, आई सोडायला येते. परवा तीच म्हणाली, ‘सर, आता वय झालं, एक काहीतरी सोडा ना.’

मी सव्वाचार गुंठ्यांचं गणित काढलं.

‘ते नववीत घेतलं होतं, सर,’ ती म्हणाली.