नवस आत्याबाईंचा, पाय माझे

यांच्या आतड्याचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा आत्याबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून बोलल्या होत्या, "गजानना, माह्या लेकाले घरी आन, प्रकटदिनाले शेगावले पायदळ येतो." लेक घरी आला. पण माघ लागेस्तोवर आत्याबाईंचे गुडघे गेले. मग एका रात्री ताटातून मान न उचलता त्या म्हणाल्या, "घरातलं कोनीबी गेलं तरी नवस फिटते." घरातलं कोणीबी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. हे अजून जड उचलत नाहीत, पोरगा पुण्याला. राहिली मी.

कापसाची शेवटची वेचणी शेतात तशीच होती. मजूर मिळत नव्हते. नवीन जोडे घेतले ते चावणारे निघाले. मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथून निघालो तेव्हा वेशीत बाया ओवाळत होत्या आणि मी मनात गजानन महाराजांशी बोलायचं भाषण जुळवत होते. समाधीसमोर उभं राहून एकेक सांगणार होते. पहिलं कलम, माझे पाय कोणी विचारून घेतले का?

कुरणखेडचा मुक्काम पहिला की दुसरा, आता नक्की आठवत नाही. काटेपूर्णेच्या पुलावर गार वारा होता आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत होते, एवढंच राहिलं. बोरगाव मंजूला शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो, शेजारची बाई रात्रभर घोरली. ट्रॅक्टरवरच्या भोंग्यावर 'गण गण गणात बोते' अखंड चालू, तेही एकाच चालीत. हे लिहायला नको, पण तिसऱ्या दिवशी मला तो भोंगा दगडानं फोडावासा वाटला होता. त्याच संध्याकाळी अकोल्यात शिरताना पावली सुरू झाली, आणि माझं मलाच कळलं नाही मी टाळ कधी उचलला. गळा दाटला होता. राजराजेश्वराचं दर्शन गर्दीत झालं. रात्री परत पाण्याच्या टँकरवरून मी दिंडीच्या चालकांशी भांडले. पाणी कोमट होतं. सत्तरीचे गृहस्थ ते, हात जोडून म्हणाले, "माउली, उद्या बर्फ टाकतो." याचाही मला रागच आला.

चौथ्या दिवशी गायगावच्या गणपतीला हात जोडून निघालो. पुढे रस्त्यावर तेलाच्या डेपोचे टँकर, ऊन वर आलेलं, आणि डाव्या टाचेखालचा फोड चवलीचा रुपया झालेला. मी मागे पडले. पताका आधी लहान झाल्या, मग भोंगाही ऐकू येईना. इतके दिवस नको होता तो, आणि आता कान तिकडेच लावून बसले. बाभळीखाली जोडे काढून फेकले आणि रडायला लागले. दुखण्यानं नव्हे, रागानं.

रस्त्याच्या कडेच्या वावरात हरभरा सोंगणं चाललं होतं. तिथून एक म्हातारी आली, हातात विळा तसाच.

"काव माय, कोठची दिंडी?"

मी सांगितलं. तिनं टाच हातात घेतली. परक्या बाईनं आपला पाय मांडीवर घेतला की कसं अवघडून जायला होतं. मी ओढायला लागले तर म्हणाली, "ठेव नं, पाय का तुहा एकटीचा हाय?" मग नातीला हाक मारली, "पोरी, दाभन आन वं." पोतं शिवायचं दाभण! मी उठायलाच लागले, तशी हसली. दात दोनच होते. पोरीनं खोपीतून साधी सुई आणली, दोरा हळदीतेलात भिजवलेला. म्हातारीनं फोडाच्या या अंगानं सुई घातली, त्या अंगानं काढली, दोरा आतच ठेवला आणि टोकं कापली. "काढू नको. पानी झिरपून जाईन, कातडी राहीन." विहिरीच्या पाण्यानं पाय धुतला तेव्हा जिवाचा भडका झाला. खारं पाणी.

मग तिनं माठातून तांब्या भरून दिला. मी प्याले. दुसरा मागितला, तोही प्याले. तिसरा घेतला आणि त्यानं तोंड धुतलं, मानेवर ओतलं, उरलेलं जोड्यावरच्या धुळीवर टाकलं. पोरगी माठात डोकावून हळूच बोलली, "आजी, सरलं."

"गप."

मला तेव्हा उमगलं. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला. विहिरीला पाणी असतं आणि पिता येत नाही. हरभरासुद्धा मुरल्या ओलीवर येतो. मी शाळेत वाचलं होतं, आमच्या गावाहून हे काही दूर नाही, तरी माझ्या हातून तिसरा तांब्या ओतला गेला.

"नळ कधी येतो?"

"आठव्या रोजी. कधी दहाव्या." मग तिनं सुरू केलं. नळवाल्यांना, हरभऱ्याच्या भावाला, जावयाला, आणि शेवटी महाराजांना. "रोज भांडतो मी त्याच्यासंगं. म्हनतो, भास्कराच्या कोरड्या हिरीले पानी लावलं तुनं, माह्या हिरीचं मीठ काढाले का होते?" आणि त्याच दमात, "पर आज तू आलीस नं. दिंडीतलं मानूस वावरात कधी उतरते? चांगलं केलं त्यानं."

भास्कर पाटलाची कथा मी पारायणात किती वेळा वाचली असेल. दरवेळी भास्करचा राग यायचा. तहानलेल्या साधूला पाणी नाही म्हणतो! पण तो घागर डोक्यावर वाहून आणत होता, हे मी वाचूनही कधी वाचलं नव्हतं. भास्करचं उत्तर द्यायचा हक्क कोणाला असेल तर या बाईला होता. तिनं मला तीन तांबे दिले. महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना, आणि पाणी प्याले गुरांसाठी ठेवलेलं. आणि मी पाणी कोमट म्हणून चालकांशी भांडले होते.

बराच वेळ बसले. पोरीनं घाटे सोलून दिले. निघताना मी पन्नासची नोट काढली, तर म्हातारीनं असं पाहिलं की ती परत कमरेला खोचली.

निमकर्दा, पुढं जे काही लागलं ते अंधारात गेलं. शेगावला पोचलो. रांगेत सहा तास. भाषण पाठ होतं, कलमासकट. भुयारात उतरले, समाधी समोर आली, सेवेकरी "चला माउली, चला" म्हणत होता. मला एकच आठवलं, "त्या माठात पाणी घाल." इतकंच. बाहेर आल्यावर चिडचिड झाली, यांच्या तब्येतीचं सांगायचं राहूनच गेलं. मग पिठलं-भाकर खाल्ली, अंबाडीची भाजी दोनदा घेतली.

पॅसेंजरनं घरी आले. दारात आत्याबाई भिंतीला धरून उभ्या. वारी करून आलेल्याच्या पाया पडतात, पण लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्या माझ्यापुढे कधी वाकल्या नव्हत्या. गुडघे कटकट वाजले. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांचा हात टाचेवर होता आणि तिथं तो दोरा लागला.

"हे कोनं घातलं वं?"

"गायगावच्या पुढं एक बाई होती."

"नाव काय तिचं?"

मी विचारलं नव्हतं. तीन तांबे घेतले, घाटे खाल्ले, नाव विचारलं नव्हतं.

आत्याबाई भिंत धरून उठल्या. "मंग सांजच्या दिव्याले कोनाचं नाव घेऊ मी?" एवढं बोलून त्या चूल पेटवायला गेल्या, आणि आतून ओरडल्या की मजूर अजून मिळाले नाहीत, उद्या सकाळी वेचणीला मलाच जावं लागेल.