शेक चालू असताना खाडा नको : रेडिएशनमध्ये एमडी करतानाचा माझा अनुभव

नीट पीजीच्या रँकवर मी रेडिएशन ऑन्कॉलॉजी घेतलं तेव्हा लातूरला आमच्या घरी सगळ्यांना वाटलं हे सोनोग्राफी, एमआरआयवालं खातं असणार, मामा तर म्हणाले सेंटर कधी टाकतेस. मग बसून सांगितलं की आम्ही रिपोर्ट काढत नाही, किरण देऊन कॅन्सरची गाठ मारतो, पेशंट यालाच शेक म्हणतात. इंटर्नशिपला तोंडाचे आणि गर्भपिशवीच्या तोंडाचे इतके कॅन्सर बघितले होते की मला दुसरं काही करायचंच नव्हतं.

पहिलं वर्ष फिजिक्समध्येच गेलं. किरण देणाऱ्या कोबाल्टची हाफ लाईफ (किरणांचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ) ५.२६ वर्षं, इरिडियमची ७४ दिवस, हे पाठ करताना बारावीत परत आल्यासारखं वाटायचं. पण ब्रॅकीथेरपीला (नळ्या घालून आतून किरण देतात त्याला) उभी राहायला लागले तेव्हा कळलं की इरिडियमचा सोर्स जुना होत जातो तसा तेवढाच डोस द्यायला जास्त वेळ लागतो, म्हणजे आतमध्ये नळ्या घातलेल्या बाईला तेवढं जास्त वेळ न हलता पडून राहावं लागतं. त्या दिवसापासून ते आकडे नुसते परीक्षेचे राहिले नाहीत. बाकी मग सीटीच्या एकेका कापावर मूत्राशय कुठं, गुदाशय कुठं ते हातानं आखत बसायचं, फिजिसिस्टबरोबर किरण कुठून किती द्यायचे तो प्लॅन परत परत बघायचा, हे तीन वर्षं चालूच असतं.

पण मला खरं शिकवलं ते खाड्यांनी. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला साधारण २५ वेळा बाहेरून शेक, सोमवार ते शुक्रवार रोज, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि मग ब्रॅकीथेरपी, हे सगळं ८ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं, मध्ये लांबलं की उरलेल्या पेशी परत जोरात वाढायला लागतात आणि बरं होण्याची शक्यता कमी होते. आणि अडचण अशी की दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणींचं रक्त जायचं थांबतं, मग त्यांना वाटतं झालं बरं. बीडकडच्या एक मावशी मला म्हणाल्या, "रगत थांबलं की माय, आता कशाला ठिवून घेता." नवऱ्यानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून दोघांची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती, दिवाळीनंतर टोळी निघणार, ह्या गेल्या नाहीत तर त्याचा अर्धा कोयता होणार (नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात). मी म्हटलं मावशी, अर्ध्या रानाचं खुरपून घरी गेलात तर उरलेलं तण काय करतं? त्या हसल्या, पण उचल काही फिटत नव्हती. शेवटी आमच्या सोशल वर्कर ताईंनी मुकादमाला फोन लावला, कागदपत्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या जागी मोठा मुलगा गेला आणि मावशी धर्मशाळेत राहून शेक पूर्ण करून गेल्या. तो फोन झाला नसता तर माझा प्लॅन कितीही चांगला असून काय उपयोग होता.

बऱ्याच बायका तर पिशवी आधीच कुठंतरी काढून आलेल्या असतात, आधी तपासणी नाही, बायोप्सी नाही, आणि काढल्यावर रिपोर्टात कॅन्सर निघतो, मग उपचार जास्त अवघड होतात. याचा मला फार राग येतो. आपल्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २००९ ला छापून आला, एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी होतात हे जगाला आपल्या गावांतून कळलं, आणि तरी आपल्या गावातल्या बाईला ती तपासणी ठाऊक नाही.

पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, आयुष्मान धरून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, फक्त रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमध्ये बसणारा योजनेचा माणूस) भेटायचं, मंजुरी आल्याशिवाय स्वतःच्या खिशातून भरायला लागू नका. नांदेड, परभणी, जालन्याकडून रेल्वेनं येणाऱ्यांनी डॉक्टरचं सवलतीचं सर्टिफिकेट नक्की घ्यावं, उपचारासाठी जाताना पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, ते तिकीट खिडकीवरच काढायचं. हे कित्येकांना उपचार संपताना कळतं. तोंडाचा पेशंट असेल तर शेकाआधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन यायचंच, नंतर दात काढला तर जबड्याचं हाड चिघळायची भीती असते, आणि तोंड आलं, गिळता येईना तर नाकातून नळी घालायला घाबरायचं नाही, वजन उतरलं की शेक घेताना डोकं हलू नये म्हणून घातलेला मास्क ढिला होतो आणि प्लॅन परत करावा लागतो, त्यात दिवस जातात.

आता मी स्वतः पेशंट बघते तेव्हा स्टेजबरोबरच रात्री कुठं राहणार, जेवणाचं काय, घरी लेकरं आणि जनावरं कोण बघणार हेही केसपेपरवर लिहून घेते, आणि "बघू" असं उत्तर आलं की सिम्युलेशनची (शेकाआधी प्लॅनसाठी करायच्या सीटीची) तारीख द्यायच्या आधी त्यांना घेऊन सोशल वर्कर ताईंकडे जाते.