घाम पुसायच्या आधी

सोमवार, रात्री ११

चार पहाटा झाल्या. साडेपाचला बॉक्सिंगच्या शेडमध्ये पोचते, कोपऱ्यातल्या बाकावर बॅग ठेवते आणि साडेआठपर्यंत फोटो काढत एका बॉक्सर मुलीच्या मागे मागे फिरते. ती १९ वर्षांची आहे, ४८ किलो गटात खेळते. रविवारी तिची स्पर्धेतली पहिली लढत. तिला शिकवणाऱ्या सरांनी मला आठवडाभर यायची परवानगी दिली आहे, अट एकच: रिंगच्या दोरीच्या आत पाय टाकायचा नाही.

आज दुपारी चारही दिवसांचे फोटो एकापाठोपाठ एक बघितले. दोरीच्या उड्या आहेत, बॅगवरचे ठोसे आहेत, आरशासमोर हवेत ठोसे मारायचं शॅडो बॉक्सिंग आहे. उजेड चांगला पडलाय, फोकसही कुठे चुकलेला नाही. आणि एकाही फोटोत ती नाही. कॅमेरा माझ्या डोळ्याला लागला की तिच्या भुवया खाली येतात, हनुवटी आत जाते आणि पोस्टरवरची बॉक्सर उभी राहते. मी कॅमेरा खाली घेतला की ती बाटलीतलं पाणी तोंडात घोळवून थुंकते, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहते, सरांकडे चोरून बघते. ते सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कार्डात मात्र काहीच नाही.

रात्री अमेरिकन फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सने काढलेले बॉक्सर मुहम्मद अलीचे फोटो पुन्हा उघडून बसले. मायामी, १९६६. त्यातला एक कितीदा बघितला असेल. अलीचा चेहरा इतका जवळून घेतलाय की आजूबाजूला जागाच उरलेली नाही, आणि कातडीवर घामाचे थेंब दाट उभे आहेत. सराव संपलाय आणि टॉवेल अजून हातात आलेला नाही. किती वेळ मिळाला असेल पार्क्सला? काही सेकंद. पण त्या काही सेकंदांत इतक्या जवळ उभं राहायला त्याला किती दिवस लागले असतील, हा माझा आजचा खरा प्रश्न आहे.

त्या वेळी अली २४ वर्षांचा होता आणि पार्क्स ५३ वर्षांचा. कॅन्सासमधल्या फोर्ट स्कॉट गावात, १५ भावंडांतलं शेंडेफळ म्हणून जन्मलेला हा माणूस. पहिला कॅमेरा त्याने गहाणाच्या दुकानातून जुना विकत घेतला आणि १९४८ साली तो 'लाइफ' मासिकाचा पहिला कृष्णवर्णीय स्टाफ फोटोग्राफर झाला. पार्क्स अलीचे फोटो काढायला गेला तेव्हा अली अमेरिकेत सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होता. १९६४ च्या फेब्रुवारीत सनी लिस्टनला हरवून जगज्जेता झाल्यावर त्याने नेशन ऑफ इस्लाम या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेशी असलेलं नातं उघड केलं आणि नाव बदललं. कित्येक वर्तमानपत्रं त्यानंतरही हट्टाने कॅशियस क्ले असंच छापत राहिली. १९६६ च्या फेब्रुवारीत सैन्यभरतीसाठी तो पात्र ठरला, आणि व्हिएतकाँगशी, म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिका ज्यांच्याशी लढत होती त्यांच्याशी, आपलं काही भांडण नाही असं त्याने सरळ सांगून टाकलं. मग शिकागोतली ठरलेली लढत रद्द झाली. मार्चमध्ये तो टोरोंटोला जाऊन जॉर्ज चुवालोशी खेळला, मे महिन्यात लंडनला. जगज्जेत्याला स्वतःच्या देशात रिंग मिळेना.

अशा माणसाच्या सरावाच्या जागी रोज किती कॅमेरे येत असतील. आणि अलीला कॅमेऱ्यापुढे काय करायचं ते पुरेपूर ठाऊक होतं: तोंड उघडायचं, डोळे मोठे करायचे, कविता म्हणायची, मूठ दाखवायची. फोटोग्राफरला घरी न्यायला काहीतरी मिळायचंच. पार्क्सच्या फोटोंत तोंड मिटलेला अली पुन्हा पुन्हा दिसतो. तो गप्प अली मिळवायला काय करावं लागलं असेल?

मंगळवार

आज कॅमेरा पहिला तासभर बॅगेतच ठेवला. नुसती बसून राहिले. ती दोनदा माझ्याकडे बघून गोंधळली, मग विसरली.

अलीच्या पाण्यातल्या फोटोंची गोष्ट आज दिवसभर डोक्यात होती. १९६१. कॅशियस क्ले तेव्हा माझ्या या मुलीएवढा, १९ वर्षांचा. मायामी बीचवरच्या फिफ्थ स्ट्रीट जिममध्ये अँजेलो डंडीच्या हाताखाली सराव करायचा, पण त्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काळ्या माणसाला खोली मिळत नसे, म्हणून राहायचा खाडीपलीकडच्या ओव्हरटाउन वस्तीत. फ्लिप शुल्की नावाचा फोटोग्राफर त्याचे फोटो काढायला आला. बोलता बोलता या पोराला कळलं की शुल्की पाण्याखालीही फोटो काढतो आणि 'लाइफ'साठी काम करतो. लगेच त्याने सांगून टाकलं की आपण पाण्यात उभं राहून ठोसे मारायचा सराव करतो, पाण्याच्या अडथळ्याने हात जलद होतात. मग सर जॉन हॉटेलच्या तलावात ते फोटो निघाले. तळाशी पाय रोवून, मुठी वर धरून, डोळे उघडे ठेवून उभा असलेला तो मुलगा. 'लाइफ'ने ते छापले. खरं म्हणजे तो पाण्यात कधीच सराव करत नव्हता, त्याला पोहताही येत नव्हतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शुल्कीबद्दल वाईट वाटलं होतं. आज वाटलं, यापेक्षा खरा फोटो कुठला? पोहता न येणारा १९ वर्षांचा मुलगा, एका मासिकात यायचं म्हणून पाण्याच्या तळाशी श्वास रोखून उभा राहतो. सराव खोटा होता, पण ती भूक आणि ते धाडस फोटोत जसंच्या तसं उतरलंय.

म्हणजे माझ्या मुलीच्या त्या खाली आलेल्या भुवयाही तिच्याच आहेत. आपण कशी दिसावी असं तिला वाटतं, ते ती मला सांगते आहे. ते फोटो मी पुसणार नाही.

गुरुवार, पहाटेचं लिहून ठेवते आहे

काल लिहिणं जमलं नाही.

काल काटा होता. म्हणजे खरा अधिकृत काटा शनिवारी, पण सर रोज वजन घेतात. ती दोन दिवस जवळजवळ काही खात नाहीये. घाम यावा म्हणून जाड सूट घालून मैदानाला फेऱ्या मारून आली, ओठ फुटले होते. काट्यावर चढली, आकडा बघितला, उतरली, बूट काढले, परत चढली, मग मोजेही काढले. तिसऱ्यांदा चढताना तिने केसांतलं रबरबँड काढून माझ्या हातात दिलं. रबरबँडचं वजन ते काय असणार. सर तोंड फिरवून उभे राहिले.

उजेड वरच्या पत्र्याच्या फटीतून बरोबर तिच्या पावलांवर पडला होता. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी फोटो काढला नाही.

रात्रभर मनात हेच. अलीच्या सरावाच्या फोटोंत काटा मला कधी असा टोचला नव्हता, आणि त्याचं कारण साधं आहे: अली खेळायचा त्या सगळ्यात जड, हेवीवेट गटाला वजनाची वरची मर्यादाच नाही. भार कितीही असो, लढत होणारच. त्याच्या फोटोंत थकवा आहे, एकटेपणा आहे, ही भूक नाही. ४८ किलोच्या मुलीचा सगळा आठवडा मात्र त्या लोखंडी पाटावर उभा असतो. मग तोच तर फोटो होता ना? तिच्या तयारीचं सगळ्यात खरं चित्र मी सोडून दिलं का?

पार्क्स कॅमेऱ्याला शस्त्र म्हणायचा, गरिबीविरुद्धचं आणि वर्णद्वेषाविरुद्धचं. शस्त्र म्हटलं की ते कोणाच्या बाजूने उचललं, हे आलंच. तो अलीच्या बाजूने गेला होता, आणि त्याने ते लपवलं नाही. मायामीपासून लंडनपर्यंत तो सोबत राहिला. २१ मे रोजी हायबरीला, आर्सेनलच्या मैदानावर हेन्री कूपरशी लढत झाली. हा तोच कूपर, ज्याने तीन वर्षांपूर्वी वेम्ब्लीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, क्लेला खाली बसवलं होतं. या वेळी सहाव्या फेरीत कूपरच्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत थांबवली गेली. 'लाइफ'च्या ९ सप्टेंबर १९६६ च्या अंकात पार्क्सचे फोटो आले, सोबतचा मजकूरही त्याचाच. देश ज्याला उद्धट, देशद्रोही म्हणत होता, तो माणूस एकटा असताना कसा असतो ते त्याने दाखवलं. त्या वेळी अलीला असं बघणारं कोणीतरी हवं होतं.

माझ्या मुलीला काल काय हवं होतं? एवढंच की कोणीतरी रबरबँड धरावं. ते मी धरलं होतं. काट्याचा फोटो शनिवारी तिला विचारून काढीन. ती नाही म्हणाली तर तो नसेल.

शुक्रवार

थोडंच लिहिते, डोळे मिटतायत.

पीटर अँजेलो सायमन या फोटोग्राफरने १९७४ साली काढलेले अलीचे फोटो संध्याकाळी बघितले. पेनसिल्व्हेनियात डिअर लेकला अलीने डोंगरावर सरावासाठी स्वतःचा तळ बांधला होता. ओंडक्यांच्या खोल्या, आणि आवारात मोठमोठे धोंडे. धोंड्यांवर जुन्या बॉक्सरांची नावं अलीच्या वडिलांनी रंगवली होती, ते पाट्या रंगवायचे. सायमन ऑगस्टमध्ये तिथे दोन दिवस होता. पुढे आफ्रिकेत, किन्शासात जॉर्ज फोरमनशी लढत. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढती, ४० विजय. अली ३२ वर्षांचा. तो हरणार, आणि वाईट मार खाणार, असंच बहुतेकांना वाटत होतं.

आपण ते फोटो बघतो तेव्हा ३० ऑक्टोबरची आठवी फेरी आपल्याला ठाऊक असते. फोरमन खाली पडणार आहे हे ठाऊक असतं, त्यामुळे प्रत्येक फोटोत विजयाची खूण दिसायला लागते. फोटोतल्या माणसांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला त्याहून पुढचंही ठाऊक आहे. टॉमस हेप्कर या जर्मन छायाचित्रकाराने १९६६ सालीच काढलेला तो अलीच्या मुठीचा फोटो: मूठ पुढे, एकेक सुरकुती दिसेल इतकी स्पष्ट, आणि मागे चेहरा धूसर. ती मूठ बघताना मला दर वेळी १९९६ ची अटलांटातली रात्र आठवते, ऑलिंपिकची मशाल धरलेले, पार्किन्सन्सने थरथरणारे हात. हेप्करला हे कुठे माहीत होतं. त्याने फक्त त्या दिवशीची मूठ नीट बघितली.

रविवारी काय होईल ते मला माहीत नाही. या आठवड्याचे फोटो मी त्याआधी, आजच निवडून ठेवतेय. रविवारनंतर माझे डोळे बदललेले असतील.

रविवार, सकाळी ७, हॉलच्या मागच्या खोलीतून

काल काट्यावर तिचं वजन बसलं, ४७ किलो ८०० ग्रॅम. फोटोचं विचारलं तर म्हणाली, "काढा ना ताई, पण आकडा दिसू द्या." आकड्यासकट काढला. काटा झाल्यावर तिने दोन केळी खाल्ली, एकही शब्द न बोलता, आणि तेही काढले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, भुवया जागच्या जागी होत्या.

आता खोलीत आम्ही दोघीच. सर कागद द्यायला बाहेर गेलेत. तिने ग्लव्हज चढवलेत, घामाचा पहिला थर कपाळावर आलाय, नळीच्या दिव्याखाली चमकतोय. पंधरा मिनिटांनी तिचं नाव पुकारतील. मी ही वही गुडघ्यावर घेऊन लिहिते आहे, कॅमेरा शेजारी चालू करून ठेवलाय. ती उठून माझ्यासमोर आली, हेडगार्ड डोक्यावर नीट बसवलेलं, पट्टा हनुवटीखाली लोंबतोय. ग्लव्हज घातलेल्या हातांनी तो लागत नाही.

"ताई, जरा पट्टा लावा ना."

वही ठेवते. दोन्ही हात लागतील.