कोंबुचाच्या फॉर्मवरचा एक रकाना

कोंबुचा म्हणजे आंबवलेल्या गोड चहाचं पेय. ते घरी करायला अवघड नाही. गोड चहा गार करायचा, त्यात जुना कोंबुचा ओतायचा, बरणीला फडकं बांधायचं. जुळे सोलापुरातल्या एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली, पण आधी अल्कोहोलचा रिपोर्ट मागितला. ते योग्यच होतं. आपल्याकडे ०.५ टक्क्याच्या वर अल्कोहोल गेलं की पेय मद्यात मोडतं.

अडलं ते प्रयोगशाळेच्या फॉर्मवर. रकाना होता ‘वापरलेल्या सूक्ष्मजीवाचे नाव’. मी लिहिलं, ‘बॅक्टेरिया आणि यीस्ट यांचं मिश्र कल्चर’. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म परत सरकवला. “एकच नाव टाका. कॉम्प्युटर दोन घेत नाही.” त्यांच्या यादीत लॅक्टोबॅसिलस हा लॅक्टिक आम्ल करणारा जिवाणू होता, सॅकरोमायसिस हे यीस्ट होतं, यातलं काहीही निवडा म्हणाले.

काहीही कसं निवडायचं? लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कोंबुचात कधी सापडतात, कधी नाही. सॅकरोमायसिसही प्रत्येक बरणीत असेलच असं नाही. ब्रेटानोमायसिस किंवा झायगोसॅकरोमायसिस ही दुसरी यीस्ट बऱ्याचदा जास्त असतात. आणि नुसतं यीस्ट लिहिलं तर आंबटपणा आला कुठून? यीस्ट साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळं करतं, त्यातून अल्कोहोल आणि गॅस करतं. ते अल्कोहोल वापरून अ‍ॅसिटिक आम्ल करतात ते वेगळेच जिवाणू. त्यांना हवा लागते, म्हणून तोंडाला झाकण नको, फडकं हवं. ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्लही तेच करतात. त्यांच्यातला कोमॅगाटाइबॅक्टर सेल्युलोज विणतो, तीच वर तरंगणारी पांढरट चकती. एकाने केलेलं दुसरा वापरतो, हीच या कल्चरची ओळख. त्यातलं एकच नाव लिहून सही करणं मला पटत नव्हतं.

हे सगळं मी काउंटरवर उभं राहून सांगितलं. “मॅडम, लोक दह्याचं विरजण तपासायला आणतात, ते असा वाद घालत नाहीत,” एवढंच उत्तर मिळालं. पुन्हा गेले तेव्हा साहेब जेवायला गेलेले, त्यानंतर कॉम्प्युटर बंद. बाहेर सोलापूरचं ऊन, हातात बाटल्या. आजही आठवलं की चीड येते.

शेवटी मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना भेटायचंच म्हणून बसून राहिले. त्या आल्या, फॉर्म वाचला आणि पेनाने ‘मिश्र’ लिहिलं. अल्कोहोल मोजायला जिवाणूचं नाव लागतच नाही, म्हणाल्या. इतकं हलकं वाटलं की मी तिथेच खुर्चीत बसले. रिपोर्ट मर्यादेच्या आत आला. त्याचा मला अभिमान आहे.

तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी आतल्या तज्ज्ञाला भेटा. नमुना बर्फात ठेवून सकाळीच न्या, कारण उन्हात बाटलीत यीस्टचं काम चालूच राहतं आणि गॅस कोंडतो. विकायच्या बाटल्याही याच कारणाने फ्रिजमध्येच हव्यात.

कुणी नुसती चकती मागितली तर मी सोबत वाटीभर आंबट कोंबुचा देतेच. जिवाणू आणि यीस्ट त्या पाण्यातही भरपूर असतात. चकती नसली तरी नवी धरते. चहाच्या दहाव्या भागाइतका जुना कोंबुचा घाला, म्हणजे सुरुवातीलाच आंबटपणा येऊन बुरशीला वाव कमी मिळतो. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं नको, आम्लात धातू उतरतो. मे महिन्यात बरणी घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा आणि रोज चाखा, फार लवकर आंबतं. वर हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर चकतीसकट सगळं फेकून द्या, वरचा भाग काढून उरलेलं वापरू नका.