गोदाकाठी वाचन ठेवताय? आधी त्या सिंहाचं बघा

घाटावर काव्यवाचन ठेवलं की नदीवरच्या चार कविता होतात, चहा होतो, आणि निम्मे लोक नदीकडे पाठ करून बसलेले असतात. नांदेडसारख्या गोदाकाठच्या शहरात याहून कामाचं वाचन करता येतं. त्यासाठी 'गाथासप्तशती' घ्यावी. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला हा माहाराष्ट्री प्राकृतातला 700 गाथांचा संग्रह. स. आ. जोगळेकरांच्या आवृत्तीत मराठी अर्थ मिळतो. शोधताना गोदावरी नव्हे, 'गोला' शोधा. प्राकृतात तिचं नाव तेच.

सगळ्या गाथा नकोत, नदीकाठच्या पाच-सहा पुरतात. एका कागदावर एकच गाथा, खाली दोन रकाने: 'बोलणारा काय सांगतो' आणि 'काय गृहीत धरतो'. लोक दहा-बारा असावेत. त्याहून जास्त झाले की मागचे मोबाइल काढतात.

सुरुवात कुत्र्याच्या गाथेनं करावी. एक बाई धार्मिक माणसाला म्हणते, आता बिनधास्त फिर. ते कुत्रं आज मेलं, गोलाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं. इथं कुणीतरी हमखास लिहितो, 'त्या काळी गोदाकाठी सिंह होते.' ही चूक होऊ द्यावी आणि मग थांबावं. बाईला तो माणूस तिथं नकोच आहे, ती तिची गुपचूप भेटीची जागा आहे. टीकाकारांनी या गाथेवर पानंच्या पानं लिहिलीत ती यासाठीच. म्हणून सिंहापुढे प्रश्नचिन्ह. पण थाप पचायची तर काठावर सिंह लपेल एवढी दाट झाडी ऐकणाऱ्याला रोज दिसत असली पाहिजे. पर्यावरणाची नोंद त्या दुसऱ्या रकान्यात असते. निसर्गवर्णनाच्या गोड ओळींपेक्षा असली थाप जास्त विश्वासाची.

दुसरी गाथा मोहाची. फुलांच्या भारानं वाकलेल्या गोलाकाठच्या मोहाला विनंती केली आहे की हळूहळू गळ. मोह मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, म्हणून वाचन होळीच्या सुमारास असेल तर ही घ्यावीच. झाड बघायचं तर किनवट-माहूरच्या रानात.

मग गाथेतला काठ आजच्या काठाशी ताडून बघायला कागद घेऊन उठायचं. काठाची 100 मीटर लांब, 10 मीटर रुंद पट्टी दोरीनं आखा आणि त्यातलं झाड, झुडूप, गवत नावानं लिहा. 'झाडी' असं लिहिलं की खोडायला लावा. ओळखू आलं नाही तर पान आणि खोडाचा फोटो घ्या, अंदाजानं नाव नको. वेडी बाभूळ, बेशरम, गाजरगवत आणि पाण्यावर जलपर्णी दिसली, तर ही चारही अमेरिका खंडातून आलेली. हालाच्या काळातल्या गाथेत ती असणं शक्यच नाही. करंज, जांभूळ, उंबर किती ते वेगळं मोजा. काठ दगडानं बांधून काढला असेल तिथं मुळं धरायला मातीच उरत नाही, तेही लिहा.

जलपर्णीजवळ जरा जास्त वेळ द्या. संथ पाण्यात सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद आलं की ती फोफावते. दाट थराखाली उजेड जात नाही, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. नुसती उपसून काठावरच ढीग ठेवला तर कुजून तेच खाद्य पुन्हा पाण्यात जातं. वाचकांना ती कुठून सुरू होते ते शोधायला लावा. नाल्याचं तोंड बहुधा तिथंच असतं.

खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मोजणाऱ्यानं तिथं उतरू नये. पावसाळ्यात हा उद्योग नकोच. पुरात जलपर्णी वाहून जाते आणि काठ उगाच स्वच्छ दिसतो. दिवाळी ते होळी हा काळ बरा. पुढच्या वर्षी पट्टी तीच आणि महिनाही तोच ठेवा, आणि विष्णुपुरी धरणातून पाणी सोडलेलं होतं की नाही हे कागदाच्या कोपऱ्यात तारखेशेजारी लिहा.